हर्सूलचं भिताड आणि आमच्या घरातले दोन कागद

सिल्लोडहून एसटीनं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आधीच्या औरंगाबाद शहरात यायचं म्हणलं की फुलंब्री जाते, चौक्याचा घाट उतरतो, सावंगी मागं पडते आणि मग हर्सूल लागतं. मी लहान असताना आबा, म्हणजे माझे आजोबा, हर्सूल आलं की टोपी सारखी करायचे आणि खिडकीतून हात जोडायचे. मला वाटायचं हरसिद्धी मातेला जोडतात, कारण देवीचं देऊळ हर्सूललाच आहे आणि नवरात्रात आम्ही तिथं जायचो. पाचवी-सहावीत असेन तेव्हा एकदा विचारलं, आबा, देऊळ तर तिकडं आतमधी राहिलं, तुम्ही इकडं कुणाला हात जोडता? तर म्हणाले, "त्या भिताडाला. अकरा महिने राह्यलो रं बाबू आत."

ते भिताड म्हणजे हर्सूल जेल. पाटीवर मध्यवर्ती कारागृह असं लिहिलेलं असतं पण आमच्याकडं कुणी तसं म्हणत नाही, नुसतं हर्सूल म्हणलं तरी सगळ्यांना कळतं. "लय माजलाय, हर्सूलची हवा खायला पाठवा त्याला" हे वाक्य मी किराणा दुकानात, पारावर, लग्नाच्या मांडवात, कुठं कुठं ऐकलंय. २०१८ पर्यंत मीही ते सहज बोलायचो. त्यानंतर नाही बोललो. त्याचं कारण या पोस्टमध्ये येणारच आहे पण आधी आबांचं सांगतो, कारण हे दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते नीट म्हणता येणार नाही.

१९४७ ला आबा बावीस वर्षांचे होते. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला पण आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तो नाही झाला. आमच्या भागातल्या माणसाला हे फार जवळून दिसायचं, कारण अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या पुढं गेलं की खानदेश, तिकडं तिरंगा, आणि घाटाच्या वर आसफजाही झेंडा. ७ ऑगस्टला हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतीय संघराज्यात सामील व्हा म्हणून आंदोलन सुरू केलं, १५ ऑगस्टलाच तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थांना हैदराबादेत अटक झाली, आणि इकडं खेड्यापाड्यात पोरं झेंडे लावून जेलमध्ये जायला लागली. त्या लढ्यात एक प्रकार होता, शिंदीची झाडं तोडायची. शिंदीवर सरकारला अबकारी कर मिळायचा, तो बुडवायचा म्हणजे सरकारच्या पैशाला हात घालायचा. आबांनी नाल्याकाठची चार झाडं पाडली आणि पाचव्याला धरले गेले. सांगताना ते चार बोटं दाखवायचे आणि पाचवं अर्धं दुमडून म्हणायचे, "हे अर्धं राह्यलं."

जेल ही गोष्ट मराठवाड्याला काही नवीन नव्हती म्हणा. शाळेची सहल दौलताबादला जाते तेव्हा गुरुजी भुलभुलैया आणि मेंढातोफ दाखवतात, पण वाटेवर चिनी महाल लागतो त्याच्यापुढं फार कुणी थांबत नाही. गोवळकोंड्याचा शेवटचा बादशहा अबुल हसन तानाशहा तिथं कैदेत होता. १६८७ ला औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला आणि त्याला इथं आणून ठेवलं, बारा-तेरा वर्षं, मरेपर्यंत. पुरलाही तो इथंच, खुलताबादला. म्हणजे आपल्याकडं किल्ल्यात बादशहा कोंडले जायचे तेव्हापासूनची ही परंपरा आहे. फरक एवढाच की पूर्वी कोंडायचे ते राज्य घेण्यासाठी नाहीतर राखण्यासाठी, वर्षं मोजून शिक्षा द्यायची आणि तेवढ्यासाठी वेगळी इमारत बांधायची ही पद्धत नंतरची. हर्सूलचं जेल त्या नंतरच्या पद्धतीचं, निजामाच्या काळातलं.

आबा जेलबद्दल बोलायचे ते दुःखानं नाही. पहाटे सगळे मिळून प्रभातफेरीची गाणी म्हणायचे, टकळीवर सूत काढायचे, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आबा तिथं वाचायला शिकले. घरी असताना अंगठा उठवायचे. बराकीत कुणी मास्तर होते, सत्याग्रहात आलेले, ते चुलीतला कोळसा मागून घ्यायचे आणि फरशीवर अक्षरं काढायचे, मग सगळ्यांनी हातानं पुसायचं आणि परत काढायचं. पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारताची फौज संस्थानात शिरली, १३ ते १७ सप्टेंबर १९४८, आणि आबा सुटून आले ते ज्ञानेश्वरी वाचत. आमच्या घरी पोथी वाचणारे पहिले तेच.

आता जी गोष्ट आबा कमी सांगायचे ती सांगतो. आबा बाहेर आले आणि जेल परत भरलं. आता आत रझाकार होते, निजामाच्या बाजूनं हत्यार घेतलेल्या संघटनेची माणसं. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी, लातूरला वकिली केलेला माणूस, त्याला पुढं येरवड्यात ठेवलं आणि १९५७ ला सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला, हे सगळ्यांना माहिती आहे. पण नुसते रझाकारच धरले गेले असं नाही. त्या दिवसांत सूडाचं वारं होतं, माणसं मारलीही गेली, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं असे लोकही नुसत्या नावावरून आत गेले. आमच्या गावात एक पिंजारी होते, गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. कुणीतरी बोट दाखवलं आणि ते आत. चार महिने. आबा स्वतः नुकतेच सुटून आलेले, अंगावर हार पडलेले, गावात मान मिळालेला, आणि हा माणूस दर पंधरा दिवसांनी घरून भाकरी आणि ठेचा बांधून, अर्धी वाट पायी, अर्धी मिळेल त्या बैलगाडीनं, त्या पिंजाऱ्यांना भेटायला हर्सूलला जायचा. गावातल्या लोकांनी तोंडावर विचारलं, ज्यांनी तुला आत घातलं त्यांच्यासाठी भाकरी घेऊन जातो काय? आबांचं उत्तर मला माझ्या आजीनं सांगितलं, आबांनी स्वतः कधी नाही सांगितलं. ते म्हणाले होते, "आत असताना मला कोन भेटाया येतं हे मी मोजत होतो. त्यो बी मोजत असल."

हे डोक्यात ठेवा, मी परत येतो इथं.

तर पुढं आबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन मिळाली. त्यासाठी काय लागायचं तर तुम्ही खरंच जेलमध्ये होता याचा दाखला. केंद्राच्या सन्मान पेन्शनला किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास दाखवावा लागायचा. निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत, म्हणजे जुनी नोंद उर्दू रजिस्टरात, ती शोधून तिचा तर्जुमा करून घ्यायचा आणि जेलच्या सही-शिक्क्याचा कागद आणायचा. तो कागद आमच्या घरात फ्रेम करून लावलाय. बैठकीत, दारासमोर, गणपतीच्या फोटोच्या बरोबर शेजारी. पाहुणा आला की पहिली नजर त्याच्यावर. जेलमध्ये होता असं सांगणारा कागद, आणि आमच्या घराण्याची सगळी इज्जत त्याच्यावर उभी.

मधल्या काळात त्या भिंतीवरची सरकारं किती बदलली बघा. आधी निजाम, १९४८ नंतर हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. कायद्याचं मात्र उलटं आहे. देशातली जेलं वर्षानुवर्षं ज्या कायद्यावर चालत आली तो प्रिझन्स ॲक्ट १८९४ चा, इंग्रजांनी केलेला. तुरुंग हा राज्याचा विषय आहे म्हणून महाराष्ट्राचं स्वतःचं जेल मॅन्युअल आहे, केंद्रानं २०२३ ला नवीन मॉडेल कायदा करून राज्यांना पाठवला, पण मुळात पाया तो राणीच्या काळातला. त्या कायद्याला कैदी पळू नये, शिस्तीत राहावा, एवढीच काळजी होती. माणूस बाहेर आल्यावर काय करील ही काळजी आपण नंतर त्याच्यावर चढवली. आज खात्याचं नाव कारागृह व सुधारसेवा असं आहे, आणि हे नाव मला मनापासून आवडतं, फक्त त्यातली सुधारसेवा जेवढी मोठी छापलीय तेवढी मोठी व्हायला अजून पुष्कळ वाव आहे.

आता २०१८.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या भावकीत बांधावरून भांडण झालं. कुऱ्हाडीचा दांडा एकाच्या डोक्यात बसला. माणूस वाचला पण टाके पडले, गुन्हा दाखल झाला, तीनशे सात, म्हणजे तेव्हाच्या आयपीसीतलं खुनाच्या प्रयत्नाचं कलम, एफआयआरमध्ये सात नावं आणि त्यात तिसरं नाव माझ्या चुलतभावाचं. दादा त्या वेळी बांधावर नव्हताच, बैल धुवून आणून कडबा कापत होता, पण भावकीत घराचं नाव घेतलं की घरातली सगळी पोरं त्यात येतात हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. दादाचे वडील म्हणजे माझे काका आधीच वारलेले. घरात काकू, वहिनी आणि दोन लेकरं.

आधी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी. मग एमसीआर, न्यायालयीन कोठडी, म्हणजे जेल. ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांना हा फरक कळत नाही, मलाही कळत नव्हता. आम्हाला वाटायचं जेलमध्ये गेला म्हणजे शिक्षा झाली. शिक्षा वगैरे काही नाही, खटला उभाही राहिला नव्हता. अशा माणसाला जेलच्या भाषेत कच्चा कैदी म्हणतात, कागदावर न्यायाधीन बंदी, आणि ज्याला शिक्षा लागलीय तो पक्का, सिद्धदोष. पक्क्याला पांढरे कपडे आणि टोपी, कच्चा स्वतःच्या कपड्यांवर. पक्क्याला सक्तमजुरी असली तर सुतारकाम, शिलाई, शेती असं काम आणि त्याची रोजची मजुरी, कच्च्यावर कामाची सक्ती नाही, म्हणजे तो दिवसभर बसून असतो आणि नुसता विचार करतो. दादा म्हणायचा पक्के आमच्यापेक्षा शांत झोपायचे, त्यांना सुटकेची तारीख तरी माहिती असायची.

आणि आकडा ऐका. २०२२ च्या अखेरीस देशातल्या जेलांमध्ये ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची. हा एनसीआरबीचा, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, सरकारचाच आकडा आहे. चार माणसं आत असतील तर तिघांचा गुन्हा अजून कुणी सिद्ध केलेला नाही. महाराष्ट्रात त्या वर्षी जागा चोवीस-पंचवीस हजारांच्या आसपास आणि माणसं चाळीस हजारांच्या वर. आपण पारावर बसून "जेलात आहे म्हणजे केलंच असणार" म्हणतो ना, ते वाक्य दर चारातल्या तिघांवर आपण निकालाआधीच फिरवतो. आमच्या घरातल्यांनीही दादावर ते फिरवलं. मीसुद्धा, पहिले दोन-तीन महिने.

आमच्या घरात काय झालं तर शांतता झाली. त्याचं नाव निघेना. लग्नात कुणी विचारलं तर "पुण्याला कंपनीत लागलाय" असं सांगायचं ठरलं, ठरलं म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही, आपोआप ठरलं. सिल्लोडहून येताना हर्सूल आलं की माझे वडील मोबाईल काढायचे आणि खाली बघायचे. ज्या भिंतीला त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर हात जोडले तिच्याकडं ते बघेनात. आणि बसमध्ये फक्त एक बाई तिथं उतरायची. काकू.

काकू दर आठवड्याला जायच्या. पहाटेची एसटी, पिशवीत दादाचं बनियन, टॉवेल, अंगाचा साबण, आणि पदराच्या गाठीत आधार कार्ड. पहिल्या वेळी त्यांना माहिती नव्हतं, त्यांनी धपाटे करून नेले होते, तिळाचे, दह्यात मळलेले. घरचं खाणं असं आत देता येत नाही, सुरक्षेचा नियम आहे. तिथल्या शिपायानं चांगल्या शब्दांत सांगितलं, मावशी हे नाही चालत. काकूंनी काही न बोलता तो डबा रांगेत बसलेल्या एका बाईच्या लेकराला दिला. ती बाई नवऱ्याला भेटायला आली होती. पुढच्या आठवड्यापासून काकू मुद्दाम धपाटे न्यायच्या, रांगेतल्या लेकरांसाठी.

मी एकदाच गेलो. दीड वर्षात एकदा, आणि तेही काकूंना ताप आला होता म्हणून. नाव नोंदवायचं, नातं सांगायचं, ओळखपत्र दाखवायचं, मग नंबराची वाट बघत बसायचं. रांगेत बसलं ना की कळतं जेल कुणाचं आहे. सगळे आमच्यासारखे, एसटीनं आलेले, पायात स्लीपर, हातात कापडी पिशवी, बहुतेक बायाच. कुणी पारधी समाजाची आजी नातवाला भेटायला आलेली, वकील कोण आहे विचारलं तर म्हणाली, "सरकारनं दिलेला हाय म्हनत्यात, मी नाही पाह्यला." आत गेल्यावर मधे काच आणि फोन. दादा समोर. दाढी वाढलेली, पण मला जास्त काय दिसलं तर त्याचे हात गोरे झाले होते. शेतकऱ्याचे हात, पाच महिने ऊन नाही म्हणून गोरे. फोन कानाला लावून त्यानं पहिलं काय विचारलं? "इहिरीला पानी हाय का?" २०१८ चा दुष्काळ आठवतो ना, ऑक्टोबरातच सरकारनं दुष्काळ जाहीर केला होता. मी म्हणलं नाही, तळ दिसतोय. मग म्हणाला, "ढवळ्याला इकू नका." मी हो म्हणलो. ढवळ्या पंधरा दिवसांपूर्वी विकला होता, वकिलाच्या फीसाठी.

आतलं आयुष्य त्यानं मला नंतर सांगितलं, थोडं थोडं, बांधावर बसून. जेल गिनतीवर चालतं. पहाटे बराक उघडायच्या आधी गिनती, दुपारच्या बंदीला गिनती, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत शेवटची बंदी आणि गिनती, आणि सगळ्या बराकींचा आकडा जुळला नाही तोपर्यंत कुणाचीच हालचाल नाही. एक माणूस कमी भरला तर परत पहिल्यापासून. जेवण त्यामुळं लवकर, संध्याकाळचं जेवण उजेडातच मिळतं. चपाती, वरण, भात, भाजी. प्रत्येकाची स्वतःची ताटली, मग, दरी आणि कांबळ. बराकीत रात्रभर दिवा, पहाऱ्याला जुने पक्के कैदी, वागणूक चांगली असलेले, त्यांना पहारेकरी आणि वॉर्डर करतात. घरून मनिऑर्डर आली की ती खात्यावर जमा होते आणि त्यातून कॅन्टीनचं बिस्कीट, तेल, साबण. खिशात पैसा नाही. हे सगळं ऐकायला साधं वाटतं. पण दादा घरी आला तेव्हा कित्येक महिने पाच वाजता जेवायला बसायचा, आणि रात्री वहिनीनं लाईट बंद केली की दचकून उठायचा, कारण त्याला अंधारात झोपायची सवयच राहिली नव्हती. पहाटे उठून अंथरुणावर मांडी घालून बसायचा. कुणीतरी मोजील म्हणून.

कामाच्या वाटणीचंही त्यानं सांगितलं आणि तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, पण ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा मी थांबून वाचला. कित्येक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये साफसफाईचं काम कुणी करायचं आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवर ठरवणारी कलमं होती, स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षं. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते शोधून काढलं, याचिका केली आणि कोर्टानं ती कलमं रद्द केली, रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला सांगितला. भटक्या-विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या भाषेवरही कोर्ट बोललं. मला ती रांगेतली आजी आठवली.

तर, तीनशे सातमध्ये नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन हक्कानं मिळायचा. आमची चार्जशीट नव्वदच्या आत आली. सेशन कोर्टानं जामीन नाकारला, मग हायकोर्टाच्या खंडपीठात गेलो, तारखा पडत गेल्या. मधे २०१९ च्या लोकसभेचं मतदान झालं आणि विधानसभेचंही. दादाला मत देता आलं नाही, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६२(५) आहे, जेलमध्ये असलेल्या माणसाला मत नाही, मग तो कच्चा असो की पक्का. गंमत नाही सांगत, कच्च्याला आत बसून निवडणूक लढवता येते पण मत देता येत नाही. आबा ज्या जेलमध्ये मताच्या राज्यासाठी गेले त्याच जेलमध्ये त्यांच्या नातवाचं मत गेलं, आणि तेही काहीही सिद्ध न होता. हे मला अजूनही सहन होत नाही.

शेवटी सतराव्या महिन्यात जामीन झाला. आम्ही पेढे आणले. आणि मग कळलं की जामीन होणं आणि माणूस बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, ज्याच्या नावावर सातबारा आहे. सोपं वाटतं ना? आमची स्वतःची भावकी फिर्यादीच्या बाजूला. मामाकडच्यांनी सांगितलं पोरीचं लग्न ठरलंय, कोर्टात नाव नको. एकाचा सातबारा बँकेच्या बोज्यात. एक जण तयार झाला आणि कोर्टाच्या दिवशी फोन बंद. सोळा दिवस गेले. जामीन झालेला माणूस सोळा दिवस आत, फक्त बाहेर कुणी सही करीना म्हणून. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं याच गोष्टीवर सूचना दिल्या, जामिनाची प्रत ईमेलनं थेट जेलला पाठवा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करायचा विचार करा. म्हणजे आमच्यासारखी घरं देशात इतकी होती की कोर्टाला त्याची दखल घ्यावी लागली.

सतराव्या दिवशी संध्याकाळी गावातून एक जण घरी आला. मोटारसायकल लावली, चप्पल बाहेर काढली, बैठकीत आबांच्या फ्रेमसमोर थोडं थांबला आणि खिशातून सातबाऱ्याचा उतारा काढून काकूंसमोर ठेवला. "चाची, मी येतो उद्या कोर्टात." त्या पिंजाऱ्यांचा नातू. त्यांनी आयुष्यभर गाद्या भरून आणि बटईनं करून करून दोन एकर घेतली होती, तीच जमीन. आम्ही त्याच्याकडं गेलोच नव्हतो. आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. वडिलांनी त्याला बसा म्हणलं तर त्यांचा आवाज निघेना.

खटला २०२२ मध्ये संपला. निर्दोष. निकालाची नक्कल आहे घरात, मी स्वतः आणली, पण ती कपाटात आहे, साड्यांच्या खाली. मी वडिलांना दोनदा म्हणलो की ही पण फ्रेम करू. एक कागद म्हणतो आमचा माणूस जेलमध्ये होता आणि त्यानं केलं होतं, शिंदीची चार झाडं खरंच तोडली होती. दुसरा म्हणतो आमचा माणूस जेलमध्ये होता आणि त्यानं केलं नव्हतं. वडील म्हणतात बघू.

दादाचा आतला एक मित्र होता, पक्का, जन्मठेपेवाला. त्यानं दादाला पहिल्या महिन्यात सांभाळलं, जेवत नव्हता तर समोर बसून जेवायला लावलं. त्याची वागणूक बघून त्याला नंतर पैठणच्या खुल्या कारागृहात पाठवलं. नाथसागराकडं कधी गेलात तर माहिती असू द्या, तिथं कैदी शेती करतात, भाजीपाला काढतात, आणि आपण जेल म्हणून जे चित्र डोळ्यासमोर आणतो तशी भिंत तिथं त्यांना अडवत नाही. खुल्या जेलमध्ये माफीही जास्त मिळते, म्हणजे शिक्षेचे दिवस लवकर कमी होतात. महाराष्ट्रात ही कल्पना जुनी आहे, १९३९ ला औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं होतं, कैद्यांना कुटुंबासह मोकळ्यावर ठेवायचं म्हणून, आणि ते चाललं. दादा म्हणतो त्या मित्राच्या बोलण्यात पैठणला गेल्यावर फरक पडला, आधी तो केस आणि अपील एवढंच बोलायचा, आता फोनवर टोमॅटोचा भाव विचारतो. जेवढं मी बघितलं-ऐकलं त्यावरून माझं मत असं झालंय की माणसाला सुधारायचं असेल तर त्याच्या हातात माती द्या आणि त्याच्या घरच्यांना भेटू द्या. आता ई-मुलाखत आहे, व्हिडिओवर बोलता येतं, जेलमधून फोनची सोय झालीय, गळाभेट म्हणून कार्यक्रम होतो ज्यात कैद्याला आपल्या लेकरांना काच नसताना मांडीवर घेता येतं. तो फोटो पेपरात येतो तेव्हा मी कापून ठेवतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या वस्तीवरचं एक पोरगं गेल्या महिन्यात आत गेलंय. एकोणीस-वीस वर्षांचं. केलंय की नाही मला माहिती नाही आणि मी विचारणारही नाही. त्याची आई परवा काकूंकडं आली होती, पदरानं तोंड झाकून, संध्याकाळी अंधार पडल्यावर. तिला वकील परवडत नाही. मी तिला सांगितलं की कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळणं हा कायद्यानं हक्क आहे, उपकार नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे तो तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला काय काय लागतं ते सांगितलं. आधार कार्ड मूळ घे, झेरॉक्स पण घे. टॉवेल नवा नको, वापरलेला घे, त्याला घरचा वास येतो. रडू नको काचेसमोर, वेळ जातो.

मंगळवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं जाणार आहोत. वडील म्हणाले मीही येतो. मी धपाट्यांचं काकूंना विचारलं तर म्हणाल्या पीठ दळून आणलंय.